विकत घेतलेला चित्रपट आणि घेणाऱ्याचा हक्क

रोख पैसे मोजून विकत घेतलेल्या चित्रपटाची एक जादा प्रत स्वतःच्या घरी, स्वतःच्याच उपयोगाकरिता करून ठेवणे हा गुन्हा आहे काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न कोणास क्षुल्लक वाटेल. देशापुढे अन्नधान्याचे, रोजगाराचे, शिक्षणाचे प्रश्न आ वासून उभे असताना पहिल्या पानावर घरच्या कपाटातील सीड्यांची चर्चा कशाला, असेही एखादा वाचक विचारील. परंतु ज्या कृत्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, ते कृत्य आपल्या हातून घडते आहे की नाही हे ज्या समाजातील सुशिक्षित माणसालाही छातीठोकपणे सांगता येत नाही, त्या समाजात कायदा लोकांपर्यंत पोचला आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. करिता या प्रश्नाचा थोडा विस्ताराने परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अर्जुनी मोरगावचेच उदाहरण घेऊ. नवेगाव बांधाचा जलाशय आणि इटियाडोहचे धरण ज्या तालुक्यात आहे, गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी आगगाडी ज्या गावावरून जाते आणि धानाच्या बांध्या ज्याच्या वेशीपर्यंत येऊन भिडल्या आहेत, अशा या गावी एखाद्या सेवानिवृत्त शिक्षकाच्या घरी वीस-पंचवीस मराठी चित्रपटांच्या सीड्या जपून ठेवलेल्या आहेत अशी कल्पना करा. त्या त्याने चोरबाजारातून आणलेल्या नाहीत. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास आरंभ केला. तोवर याच वस्तूला कितीतरी पट दाम पडत असे. अस्सल प्रत चोरट्या प्रतीच्या भावात मिळू लागली आणि मध्यमवर्गाला प्रामाणिकपणा परवडू लागला. आमच्या या शिक्षकाने निवृत्तिवेतनातून पैसे बाजूला काढून एकेक चित्रपट घेतला, पाहिला, मुला-नातवंडांना दाखविला.

आज त्या तबकड्यांची अवस्था काय आहे? एका चित्रपटाच्या दोन-तीन व्हीसीड्या असत. त्यांतील एकीवर ओरखडा पडला की ऐन रंगात आलेला प्रसंग अडखळतो आणि चित्र चौकटीचौकटींनी विस्कटते. सीडी वाजविणारे यंत्र बिघडले तर दुरुस्त करून देणारा माणूस भेटत नाही. नव्या संगणकांपैकी पुष्कळांना तबकडीचा कप्पाच उरलेला नाही. पुन्हा तोच चित्रपट विकत घ्यावा म्हटले, तर मोझर बेअर अवसायनात काढण्याचा आदेश राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने २०१८ साली दिला, आणि सीड्यांची दुकाने तालुक्याच्या गावी काय, मोठ्या शहरांतही शोधावी लागतात. अशा वेळी त्या शिक्षकाच्या मनात येते, की तबकडी धड आहे तोवर तिच्यावरील चित्रपट संगणकावर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावा. तेवढ्याने तो चोर ठरतो काय?

या प्रश्नाची दुसरी बाजू प्रथम मांडणे न्यायाचे होईल. चित्रपट हा अनेकांच्या घामाचा आणि मोठ्या भांडवलाचा संयोग असतो. कथाकार, दिग्दर्शक, नट, छायालेखक, ध्वनिलेखक, रंगपटातील कारागीर या सर्वांची भाकरी त्याच्या विक्रीवर अवलंबून असते. एका प्रतीवरून शंभर प्रती होऊ लागल्या तर मूळ निर्मात्याच्या हाती काय लागणार? गावोगावच्या मोबाइलच्या दुकानांतून दहा-वीस रुपयांत मेमरी कार्डावर हवे तेवढे चित्रपट भरून देण्याचा धंदा किती फोफावला होता, हे आपण सर्वांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. त्या धंद्याने मराठी निर्मात्याचे जे नुकसान झाले त्याची भरपाई कोणीही केली नाही. मराठी चित्रपटाचा बाजार मुळातच लहान. त्यातला हा वाटा गेला म्हणजे पुढच्या चित्रपटाचे भांडवलच गेले.

निर्मात्याच्या श्रमाची कदर न झाल्यास काय होते, हे झाडीपट्टीला दुसऱ्या कोणी शिकविण्याची आवश्यकता नाही. नागभीड तालुक्यातील नांदेड या खेड्यातले शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुटपुंज्या शेतात निरीक्षणाने आणि निवडीने एचएमटी हे धानाचे वाण सिद्ध केले. ते वाण दूरवर पसरले, त्यावर व्यापाऱ्यांनी पैसा मिळविला, आणि ज्याने ते निर्माण केले तो मात्र आयुष्याचा मोठा भाग दारिद्र्याशी झुंजत राहिला. २०१८ साली ते निवर्तले. निर्मात्याच्या हक्काविषयी बेफिकीर असणाऱ्या समाजाने हे उदाहरण विसरू नये. जे धानाच्या वाणाला लागू, तेच नाटकाला आणि चित्रपटाला लागू. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटाच्या निमित्ताने वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव रात्र जागवितात. त्याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री देऊन राष्ट्राने तिचा गौरव केला. या मंडळ्यांचे सारे अर्थकारण एका रात्रीच्या तिकिटांवर चालते. त्यांचे नाटक भ्रमणध्वनीवर टिपून जगभर सोडून देणारा प्रेक्षक त्यांच्या पुढच्या रात्रीच्या तिकिटावर घाला घालतो, हे निःसंशय होय.

तेव्हा आम्ही येथे चोरीची वकिली करीत नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. परंतु चोरी कशास म्हणावे आणि कशास म्हणू नये, याची रेषा नीट आखली नाही तर चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा प्रकार घडतो. बाजारात प्रती विकणारा आणि आपल्या कपाटातील वस्तू जपणारा या दोघांना एका मापाने मोजणे हा न्याय नव्हे. ही रेषा आपल्या कायद्याने कोठे आखली आहे, ते आता पाहू.

स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. तत्पूर्वी इंग्रजी कायद्याच्या आधारे केलेला १९१४ चा कायदा येथे चालत असे. १९५७ च्या कायद्याने चित्रपटाला स्वतंत्र कृतीचा दर्जा दिला आणि त्याची प्रत करण्याचा हक्क मालकाकडे ठेवला. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये कोणत्या गोष्टी हक्कभंग मानू नयेत याची यादी आहे. खासगी उपयोगाकरिता वाजवी वापर करण्याची मुभा त्या यादीत होती. परंतु ती साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती यांपुरतीच. चित्रपट तीत नव्हता. यात नवल काहीच नाही. त्या काळी चित्रपट म्हणजे लोखंडी डब्यांतून येणारी रिळे. ती कोणा गृहस्थाच्या घरी असण्याचाच संभव नव्हता, मग त्यांच्या प्रतींचा विचार कायदा कशाला करील?

पुढे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आले, व्हिडिओ यंत्रे घराघरांत शिरली आणि चित्रपट प्रथमच सामान्य माणसाच्या हाती वस्तू म्हणून आला. त्याबरोबर चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट झाला. १९८४ साली संसदेने कायदा दुरुस्त करून शिक्षा वाढविल्या आणि प्रत्येक व्हिडिओ चित्रपटावर निर्मात्याचे नाव-पत्ता, प्रमाणपत्र आणि परवानगी घेतल्याचे निवेदन असलेच पाहिजे असे बंधन घातले. महाराष्ट्राने तर २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले यांच्या पंक्तीत व्हिडिओ चोरांना बसवून त्यांना स्थानबद्ध करण्याची तरतूद केली. या सर्व उपायांचा रोख धंदेवाईक चोरांवर होता व तो रास्तच होता. घरगुती ग्राहकाचे काय, याचे उत्तर मात्र अनेक वर्षे कोणी दिले नाही.

ते उत्तर २०१२ च्या दुरुस्तीने दिले, आणि ही गोष्ट अजून पुष्कळांच्या ध्यानात आलेली नाही. २१ जून २०१२ पासून अमलात आलेल्या त्या दुरुस्तीने कलम ५२ मधील साहित्य, नाट्य, संगीत आणि कलाकृती ही मर्यादा काढून टाकली, आणि संगणकाचे कार्यक्रम सोडून 'कोणत्याही कृती'चा खासगी अथवा वैयक्तिक उपयोगाकरिता केलेला वाजवी वापर हक्कभंग होत नाही, असे नमूद केले. कोणत्याही कृतीत चित्रपट येतो, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. एवढ्यावर संसद थांबली नाही. या हेतूंसाठी कोणतीही कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठविणे हाही हक्कभंग ठरणार नाही, असे स्पष्टीकरण तिने त्याच कलमास जोडले.

येथे एक आक्षेप निघतो. वाजवी वापर म्हणजे थोडा वापर. ग्रंथातील चार ओळी घेणे निराळे आणि अख्खा चित्रपट उतरवून घेणे निराळे, असे म्हटले जाते. वाजवी वापर ठरविताना किती भाग घेतला, कशासाठी घेतला आणि त्याने मूळ कृतीच्या बाजाराशी स्पर्धा होते काय, याचा विचार न्यायालये करतात हे खरे. परंतु या तिन्हींपैकी पहिल्याच कसोटीवर सारा भार टाकणे योग्य नव्हे. चार ओळींचे अवतरण घेणाऱ्याचा हेतू निराळा असतो. घेतलेली वस्तू जपणाऱ्याचा हेतू निराळा असतो. जो चित्रपट जपायचा तो अर्धा जपून काय उपयोग? शिवाय कृती 'साठविण्या'ची मुभा संसदेने दिली आहे, आणि साठवायची म्हणजे ती सगळीच साठवावी लागते. बाजाराच्या कसोटीचे म्हणाल, तर ज्याने एकदा दाम दिले आहे आणि ज्याच्या घरातून प्रत बाहेर जात नाही, तो निर्मात्याचे कोणते गिऱ्हाईक तोडतो? ज्या चित्रपटाची सीडी बाजारातच उरलेली नाही, त्याच्याशी ही प्रत स्पर्धा तरी कशी करणार? सबब स्वतः विकत घेतलेल्या अस्सल प्रतीवरून केवळ स्वतःकरिता एखादी प्रत करून ठेवणे हे कलम ५२ च्या संरक्षणात येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा आक्षेप कुलुपाचा आहे. साध्या व्हीसीडीला बहुधा कुलूप नसे. डीव्हीडीला मात्र प्रत करता येऊ नये म्हणून सांकेतिक कुलूप घातलेले असते. ते फोडणे गुन्हा आहे काय? २०१२ च्याच दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ याविषयी बोलते. परिणामकारक तांत्रिक कुलूप हक्कभंग करण्याच्या उद्देशाने फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड, असे ते कलम आहे. वाचकांनी यातील 'हक्कभंग करण्याच्या उद्देशाने' हे शब्द लक्षपूर्वक वाचावेत. ज्या कृत्याला कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नाही त्यासाठी कुलूप काढल्यास हे कलम आड येणार नाही, असेही पुढे म्हटले आहे. किंबहुना अशा कामी दुसऱ्यास साहाय्य करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता आणि सर्व तपशील नोंदवून ठेवला पाहिजे, अशी अट तेथे घातली आहे. कुलूप काढण्याचे कायदेशीर प्रसंग असू शकतात हे संसदेस मान्य नसते, तर त्या प्रसंगांची वही ठेवण्यास तिने का सांगितले असते? ज्याची पेटी आहे त्याने किल्ली हरवल्यावर कुलूप तोडले, तर त्यास घरफोडी म्हणत नाहीत.

परंतु हक्काबरोबर त्याची सीमाही सांगितली पाहिजे. प्रत स्वतःच्या उपयोगाकरिता असावी, याचा अर्थ ती शेजाऱ्यास, मित्रास किंवा भाच्यास करून देता येणार नाही. मूळ तबकडी विकून टाकायची आणि प्रत ठेवून घ्यायची, हेही चालणार नाही. कारण तसे केल्याने एका विक्रीचे दोन मालक होतात. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा गावच्या चौकात पडदा लावून चित्रपट दाखविणे हे खासगी नव्हे. त्यास निराळी परवानगी हवी, मग तबकडी कितीही अस्सल असो. भाड्याने आणलेल्या अथवा उसन्या घेतलेल्या तबकडीवरून प्रत करणाऱ्याने काहीच विकत घेतलेले नसते. त्याने ग्राहकाचा हक्क सांगू नये. इंटरनेटवर चित्रपट सोडून देणे, किंवा चित्रपटगृहात बसून पडद्यावरचे चित्र टिपणे, हे तर उघड गुन्हे होत. यांपैकी दुसऱ्याकरिता २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त करून तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड सांगितला आहे. दंडाची कमाल मर्यादा निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाते. या शिक्षा कडक आहेत आणि त्या कडक असाव्यात.

मग कायदा आपल्या बाजूचा असताना आम्ही तक्रार कसली करतो, असे कोणी विचारील. तक्रार ही, की हा हक्क 'वाजवी' या एका शब्दाच्या दोरीला टांगलेला आहे आणि त्या शब्दाची व्याख्या कायद्यात नाही. वकील तिचा अर्थ लावतील. परंतु अर्जुनी मोरगावच्या शिक्षकाने वकिलाकडे जाऊन सीडीचा सल्ला घ्यावा काय? याच्या उलट संगणकाच्या कार्यक्रमांबाबत संसदेने किती स्वच्छ भाषा वापरली आहे ते पाहावे. ज्याच्याकडे असा कार्यक्रम कायदेशीर मार्गाने आला आहे, त्याने हानी, नाश किंवा बिघाड यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करून ठेवणे हा हक्कभंग नव्हे, असे तेथे सरळ लिहिले आहे. कार्यक्रमाच्या तबकडीवर ओरखडा पडू शकतो हे संसदेस उमगले. चित्रपटाची तबकडी मात्र वज्राची असते काय?

याहूनही नवल पुढे आहे. प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेच्या आणि रंगमंचावरील कलावंताच्या हक्कांविषयी बोलताना कलम ३९ स्पष्ट सांगते, की स्वतःच्या खासगी उपयोगाकरिता केलेले ध्वनिमुद्रण वा चित्रमुद्रण हा त्या हक्कांचा भंग नव्हे. नाटककाराचा हक्क निराळा राहतो आणि मंडळीने तिकिटावर घातलेली अटही पाळली पाहिजे, हे खरे. परंतु ज्याचे मोल फक्त एका रात्रीपुरते दिलेले असते, त्या प्रयोगाच्या खासगी मुद्रणाविषयी कायदा निःसंदिग्ध बोलतो. आणि जी वस्तू कायमची विकत घेतली, तिच्याविषयी मात्र तो 'वाजवी' या शब्दाआड मोघम राहतो. ही विसंगती दूर होणे अवश्य आहे.

हा मोघमपणा निरुपद्रवी नाही. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास कलम ६३ अन्वये सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातील फायद्यासाठी कृत्य केले नसेल तर न्यायालयास शिक्षा कमी करता येते, परंतु ती गोष्ट खटला चालल्यानंतरची. मे २०२२ मध्ये निट प्रो इंटरनॅशनलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्णय दिला. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकमाची वाट न पाहता पोलिसांना तपास आणि अटक करता येते. हक्कभंग करणाऱ्या प्रती वॉरंटाशिवाय जप्त करण्याचा अधिकारही फौजदारास आहे. धंदेवाईक टोळ्यांविरुद्ध हे शस्त्र धारदार असणे उचित आहे. परंतु ज्याच्या हातात असे शस्त्र दिले त्यास कोणावर ते चालवायचे नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ते काम फौजदाराच्या तारतम्यावर सोडणे फौजदारावरही अन्यायाचे आहे.

इतर देशांनी या प्रश्नाची वाट कशी काढली? जर्मनीने १९६५ सालीच खासगी प्रत मान्य केली आणि मुद्रणयंत्रांच्या विक्रीवर अल्पसा आकार बसवून तो पैसा कर्त्यांकडे वळविला. अमेरिकेत १९८४ साली सोनी कंपनीच्या बेटामॅक्स खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी असा निवाडा दिला, की दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम मागाहून पाहण्याकरिता घरी मुद्रित करणे हा हक्कभंग नव्हे. पुढे १९९८ च्या कायद्याने त्याच अमेरिकेने कुलूप फोडण्यावर कडक बंधने घातली आणि एका हाताने दिलेले बरेचसे दुसऱ्या हाताने काढून घेतले. इंग्लंडने ऑक्टोबर २०१४ मध्ये स्वतःकरिता प्रत करण्याची मुभा दिली. परंतु निर्मात्यांना मोबदला का नको याचा पुरेसा पुरावा सरकारने जमविला नव्हता, या कारणावरून २०१५ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती रद्द केली. या इतिहासाचा बोध असा, की ग्राहकाला हक्क देताना निर्मात्याच्या हिताचा हिशेब आधी मांडावा लागतो. तो मांडला नाही तर दिलेला हक्क टिकत नाही.

असा हिशेब मांडण्याची अक्कल आपण परदेशातून आणावी असेही नाही. ती आपल्याच कायद्याच्या पुस्तकात आणि धानाच्या कोठारात आहे. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क याविषयीचा कायदा संसदेने २००१ साली केला. नवे वाण निर्माण करणाऱ्यास त्याने हक्क दिला. पण त्याच कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही अधिकार राखून ठेवला. मनाई केली ती एकाच गोष्टीस: संरक्षित वाणाचे बियाणे नाममुद्रा लावून विकता येणार नाही. घरचे राखलेले बियाणे आणि दुसऱ्याच्या नावावर थाटलेले दुकान यांतील भेद संसदेस तेव्हा अचूक दिसला होता. चित्रपटाच्या ग्राहकाचे मागणे याहून किती तरी अल्प आहे. त्याला विकायचे नाही, वाटायचे नाही; केवळ राखायचे आहे.

आणि या राखण्यात समाजाचेही हित आहे. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ सालचा. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली निघाले आणि पी. के. नायर यांच्यासारख्या ध्यासवंताने डबा डबा गोळा करून ते उभे केले. तरीही ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील भांडारास आग लागून जुन्या नायट्रेट फितींचा मोठा साठा भस्मसात झाला. एकाच ठिकाणी ठेवलेला ठेवा एका दुपारी जाऊ शकतो. याच्या उलट ब्रिटनमध्ये बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे अनेक भाग स्वतःच पुसून टाकले. त्यांचा ध्वनी मात्र आज ऐकावयास मिळतो तो प्रेक्षकांनी घरी करून ठेवलेल्या मुद्रणांमुळे. मोठ्या चित्रपटांची काळजी सरकार आणि श्रीमंत संस्था घेतीलही. परंतु थोड्या प्रती निघालेले लहान मराठी चित्रपट, झाडीपट्टीच्या नाटकांच्या सीड्या, दंडार आणि खडीगंमत यांची चित्रमुद्रणे कोण सांभाळणार? त्यांपैकी पुष्कळ आज कोणाच्या तरी घरच्या फळीवर असतील, तर तेथेच ती वाचतील किंवा तेथेच ती नष्ट होतील.

चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ सालचा. चित्रपट म्हणून त्याचा हक्क २०१३ च्या अखेरीस संपला, गीत-संगीतासारख्या घटकांचे हक्क निराळे. हक्क संपल्यावर कृती समाजाच्या मालकीची होते, अशी ही सुंदर व्यवस्था आहे. परंतु साठ वर्षे कोणी प्रतच केली नाही आणि तबकड्या निकामी झाल्या, तर समाजाच्या पदरात पडायला शिल्लक काय राहणार?

यावर एक तोडगा हल्ली हिरिरीने सुचविला जातो: तबकड्या फेकून द्या, महिन्याला वर्गणी भरा आणि चित्रपट तारेवरून पाहा. पण या व्यवहारात ग्राहकाच्या हाती वस्तूच येत नाही. पाहण्याचा परवाना येतो, आणि परवाना देणारा तो केव्हाही आटोपता घेऊ शकतो. 'विकत घ्या' असे लिहिलेली कळ दाबून दाम घेतात आणि करारपत्राच्या बारीक अक्षरांत तो परवाना असल्याचे सांगतात. ही फसवणूक ओळखून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये कायदा केला; १ जानेवारी २०२५ पासून तेथील विक्रेत्यास, आपण वस्तू विकतो की परवाना देतो, हे ग्राहकास ठळकपणे सांगावे लागते. वर्गणीदाराने तारेवरचा चित्रपट उतरवून घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. त्याने दिलेले दाम पाहण्याचे आहे. परंतु जो विकत देतो म्हणतो, त्याने विकत द्यावे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष म्हणून आम्ही तीन मागण्या मांडतो. पहिली संसदेकडे. संगणकाच्या कार्यक्रमाप्रमाणेच, कायदेशीर मार्गाने विकत घेतलेल्या चित्रपटाची राखीव प्रत करण्याचा आणि जुने माध्यम निरुपयोगी झाल्यास नव्या माध्यमावर ती उतरविण्याचा ग्राहकाचा हक्क कलम ५२ मध्ये निःसंदिग्ध शब्दांत लिहावा. मूळ प्रत जवळ असेपर्यंतच राखीव प्रत ठेवता येईल, ती कोणास देता किंवा दाखवून पैसे मिळविता येणार नाहीत, या अटी त्याच वाक्यात असाव्यात. दुसरी मागणी ग्राहक व्यवहार खात्याकडे. चित्रपटाची विक्री आणि पाहण्याचा परवाना या दोहोंना एकच नाव देण्यास विक्रेत्यांना मज्जाव करावा. तिसरी निर्मात्यांकडे. ज्या चित्रपटांच्या सीड्या बाजारातून गेल्या, ते माफक किमतीत आणि ग्राहकाला जपून ठेवता येतील अशा स्वरूपात पुन्हा विक्रीस आणावेत. २००७ च्या अनुभवाने दाखविले आहे, की अस्सल माल परवडणाऱ्या भावात मिळाला तर मराठी माणूस तो आनंदाने विकत घेतो.

आणि वाचकांकडे आमची विनंती आहे. आपण विकत घेतलेल्या चित्रपटाची प्रत अवश्य जपा. मूळ तबकडी, तिचे वेष्टन आणि असल्यास पावतीही सांभाळून ठेवा. पण ती प्रत कोणी मागितली तर, मागणारा कितीही जवळचा असो, नम्रपणे नकार द्या. ग्राहकाच्या हक्काला विरोध करणाऱ्यांचा मुख्य युक्तिवाद एकच आहे: एका प्रतीची परवानगी दिली की लोक शंभर करतात. हा युक्तिवाद संसदेतील भाषणांपेक्षा आपल्या वागण्याने अधिक परिणामकारकपणे खोडून निघेल. कायद्यात दुरुस्ती मागणाऱ्याने आजचा कायदा पाळून ती मागावी. तशी मागितली तर ती नाकारणे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही.